पिशवीचं तोंड आणि पीसीओडी, थायरॉइड, शुगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“मॅडम, दुखलंसुद्धा नाही हो, आणि बाळ गेलं.” पिशवीचं तोंड वेळेआधी उघडून पाचव्या महिन्यात गर्भ गमावलेल्या बायकांकडून हे वाक्य मी ओपीडीत फार वेळा ऐकलंय. मग घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी त्यांचे मेसेज यायला लागतात. माझ्या पीसीओडीमुळे (बीजकोषांचा हार्मोन बिघडवणारा आजार) झालं का? थायरॉइडची गोळी मध्ये चुकली होती, त्यानं झालं का? शुगर होती म्हणून? हे प्रश्न मी वहीत उतरवून ठेवत आले. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, आधी सोपे आणि मग गुंतागुंतीचे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल तर हे पान वाचत बसू नका. प्रश्न ३ तेवढा बघा आणि निघा.

१. “पिशवीचं तोंड कमजोर आहे” असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमकं काय?

गर्भाशयाचं खालचं, योनीत उतरणारं टोक म्हणजे गर्भाशयमुख. आपल्याकडे त्यालाच पिशवीचं तोंड म्हणतात. तीन-चार सेंटिमीटर लांबीची ही नळी असते आणि तिच्या मधून अरुंद वाट जाते. वरचं गर्भाशय स्नायूंचं असतं, पण या तोंडात स्नायू थोडाच असतो. मुख्य भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या पीळदार धाग्यांचा. गरोदरपणात वाढतं वजन हे धागे पेलतात आणि बाळंतपण जवळ आलं की ते सैल पडून तोंड मऊ होतं.

हेच मऊ होणं कळा न येता, वेळेच्या फार आधी, बहुतेक वेळा १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान झालं तर त्याला कमकुवत गर्भाशयमुख म्हणतात. हे शंभर गरोदर बायकांत एकीला किंवा त्याहूनही कमी जणींना होतं.

कारणं बरीच असतात. तोंडावर आधी झालेली शस्त्रक्रिया, मागच्या बाळंतपणात पडलेली चीर, वारंवार झालेलं क्युरेटिंग, गर्भाशयाची जन्मजात वेगळी रचना, सांधे अती लवचीक करणारे कोलॅजेनचे आनुवंशिक आजार. काही जणींत कारण सापडतच नाही. संशयाच्या यादीत हार्मोन्स आणि शुगर या सगळ्यांच्या नंतर येतात. हे मी सुरुवातीलाच सांगतेय, कारण मला येणाऱ्या मेसेजमध्ये क्रम बरोबर उलटा असतो.

२. माझं तोंड कमजोर आहे की नाही, हे आधी कळू शकतं का? कुठली टेस्ट करू?

यासाठी रक्ताची टेस्ट नाही. गरोदर नसताना करायची खात्रीची टेस्टही नाही. दोनच गोष्टी कामाच्या आहेत. आधीच्या गरोदरपणांची नीट सांगितलेली हकीकत, आणि खालून केलेली सोनोग्राफी.

खालून सोनोग्राफी म्हटलं की बऱ्याच जणी दचकतात, म्हणून तिथे काय होतं ते सांगते. आधी लघवी करून यायला सांगतात. मूत्राशय भरलेलं असलं तर तोंड दाबलं जाऊन खोटंच लांब दिसतं. पोटावरून मोजलेल्या लांबीवर विसंबता येत नाही, त्याचंही हेच एक कारण. मग कव्हर घातलेला बारीक प्रोब योनीत हलकेच ठेवतात, दाबत नाहीत. पडद्यावर करड्या रंगात तोंडाची नळी आडवी दिसते आणि तिच्या मधोमध एक बारीक रेघ. घट्ट तोंडात ही रेघ सरळ असते आणि बाळाच्या बाजूला बंद असते. तोंड उघडायला लागलं की ते आतल्या बाजूनं उघडतं. तिथे आधी छोटी खाच दिसते, मग त्या खाचेचं नरसाळं होतं. बाहेरून हातानं तपासलं तर तोंड तेव्हाही बंदच लागतं. तीन-चार मिनिटं थांबून तीनदा मोजायचं आणि त्यातली सगळ्यात कमी लांबी लिहायची.

पाचव्या महिन्यात ही लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर तोंड आखूड आहे असं म्हणतात. आखूड तोंड असलेल्या प्रत्येकीची प्रसूती लवकर होत नाही. बऱ्याच जणींचे दिवस नीट भरतात.

माझी एक विनंती आहे. अनोमली स्कॅन, म्हणजे १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी, झाली की रिपोर्ट उघडून गर्भाशयमुखाच्या लांबीची ओळ शोधा. पुष्कळदा ती शेवटच्या परिच्छेदात असते, कधी नसतेच. नसेल तर विचारा.

३. कुठलं लक्षण दिसलं की लगेच दवाखाना गाठायचा?

ओटीपोटात खाली काही उतरल्यासारखं जड वाटणं. पाळी येण्याआधी दुखते तशी कंबर दुखणं. अंगावरचं पांढरं अचानक वाढणं, ते पातळ किंवा गुलाबीसर होणं. रक्ताचा डाग. पाणी जाणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट पाहू नका. “पाचवा लागलाय, इतकं होणारच” असं घरचे म्हणतील, त्यांना सोबत घेऊन निघा. सोबत ताप असेल किंवा स्रावाला वास येत असेल तर आणखी घाई करा. तेव्हा जंतुसंसर्गाची शंका असते आणि उपचार सगळे वेगळे असतात (प्रश्न १६ पाहा).

४. हार्मोन्सचा आणि पिशवीच्या तोंडाचा संबंध काय?

प्रोजेस्टेरॉन हे तोंड घट्ट ठेवणारं मुख्य हार्मोन. ते तिथली सूज आणणारी यंत्रणा दाबून ठेवतं आणि कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना आवर घालतं. दिवस भरत आले की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन फारसं उतरत नाही, पण तोंडाच्या पेशी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. मग धागे सुटे होतात, त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारी द्रव्यं साठतात आणि तोंड लोण्यासारखं मऊ पडतं.

दुसरं हार्मोन रिलॅक्सिन. बीजकोषात बीज बाहेर पडल्यावर जी पिवळी ग्रंथी उरते, ती हे तयार करते. कोलॅजेन सैल करणं हे त्याचं कामच. पुरुषी म्हणून ओळखली जाणारी हार्मोन्स, म्हणजे अँड्रोजेन्स, ही तिसरी बाजू. डीएचईए या अँड्रोजेनचं इंजेक्शन जपानमध्ये प्रसूतीच्या वेळी तोंड मऊ करण्यासाठी वापरलं गेलं आहे, म्हणजे या हार्मोन्सचा तोंडावर परिणाम होतो एवढं नक्की. पीसीओडीत अँड्रोजेन्स जास्त असतात आणि संशयाचा धागा तिथूनच निघतो.

हार्मोननं तोंडावर कायमचा घाव घातल्याची एक सिद्ध गोष्ट इतिहासात आहे. अमेरिकेत १९४० ते १९७१ या काळात गर्भपात टाळण्यासाठी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गरोदर बायकांना सर्रास दिलं गेलं. त्यांच्या पोटातल्या मुली मोठ्या होऊन गरोदर राहिल्या, तेव्हा त्यांच्यात गर्भाशयाचे आणि तोंडाचे दोष आणि अवेळी गर्भ जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं. आज गरोदरपणात दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉन हे वेगळं औषध आहे. दोन्हींची गल्लत करून औषध बंद करू नका.

५. मला पीसीओडी आहे. मला टाका घालावाच लागेल का?

नाही. टाका म्हणजे तोंड आवळून धरणारी शिवण (प्रश्न १४). मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीसीओडी आणि कमकुवत तोंड यांचा संबंध दाखवणारा सर्वांत ठळक अभ्यास उत्तर कॅलिफोर्नियातला, २०१२ साली छापून आलेला. वंध्यत्वाची तक्रार असलेल्या बायकांत पीसीओडी असणाऱ्या आणि नसणाऱ्या अशा दोन गटांची त्यात तुलना होती. पीसीओडीच्या गटात २.९ टक्के जणींना कमकुवत तोंडाचं निदान झालं, दुसऱ्या गटात ०.५ टक्के. पीसीओडी असलेल्या दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांत हे प्रमाण ७.८ टक्के निघालं, गोऱ्या बायकांत १ टक्का. हा आकडा वाचून मीही थबकले होते. आपण त्याच वंशाच्या आहोत.

आता दुसरी बाजू. त्या अभ्यासात कमकुवत तोंडाच्या एकूण पीसीओडीवाल्या बायका होत्या फक्त २९. वंशानुसार वाटणी केल्यावर एकेका गटात मोजक्याच उरतात. त्यातल्या बऱ्याच जणींनी बीज वाढवणारी इंजेक्शनं घेतली होती, त्यामुळे आजार कारणीभूत की उपचार, हे सुटं करता येत नाही. त्यामुळे या आकड्यांवरून प्रत्येकीला टाका घालण्यात अर्थ नाही. १६ आठवड्यांपासून लक्ष ठेवायला मात्र ते पुरेसे आहेत.

मी माझ्या पेशंटना एवढंच सांगते: पीसीओडी असेल आणि आधी काही झालेलं नसेल, तर १६ आठवड्यांच्या सुमारास एकदा आणि अनोमली स्कॅनच्या वेळी एकदा खालून लांबी मोजून घ्या. दोन्ही वेळा चांगली भरली की या काळजीतून मोकळ्या व्हा.

६. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. दिवस राहिल्यावर ते घेतलं तर तोंड मजबूत राहील का?

मेटफॉर्मिन ही मुळात शुगरची गोळी. तोंड मजबूत करणारं औषध म्हणून तिच्याकडे पाहू नका, तसा पुरावा नाही. नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँडमध्ये झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. तो आधीच्या दोन अभ्यासांशी जोडून पाहिला तेव्हा पीसीओडीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये उशिरा होणारे गर्भपात आणि अवेळी प्रसूती कमी दिसल्या. पण गरोदरपणातली शुगर त्यानं टळली नाही. शिवाय हे औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं, आणि त्या मुलांचं वजन चार वर्षांच्या वयात थोडं जास्त आढळलं. आधी उशिरा गर्भ गेलेला असेल तर डॉक्टर सगळं तोलून ते चालू ठेवू शकतात. स्वतःहून चालू करू नका, स्वतःहून बंदही करू नका.

७. आयव्हीएफनं दिवस राहिलेत. माझ्यात धोका जास्त आहे का?

थोडा जास्त धरून चाला. इंजेक्शनांनी एका वेळी खूप बीजं वाढवली की तितक्याच पिवळ्या ग्रंथी तयार होतात आणि रिलॅक्सिन नेहमीपेक्षा वाढतं. ताज्या, म्हणजे गोठवून न ठेवलेल्या गर्भाचं रोपण झालं असेल तर हे जास्त लागू पडतं. आयव्हीएफमध्ये जुळी राहण्याची शक्यताही जास्त असते, तो हिशेब निराळा (प्रश्न १५).

एक गोष्ट आवर्जून. बीज कमी आहेत म्हणून काही जणींना आयव्हीएफआधी डीएचईएच्या गोळ्या दिलेल्या असतात. हे तेच अँड्रोजेन, प्रश्न ४ मधलं. गर्भ राहिल्यावरही घरात पाकीट शिल्लक आहे म्हणून त्या चालू ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. टेस्ट पॉझिटिव्ह आली की सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

८. रक्तात प्रोजेस्टेरॉन किती आहे ते तपासून घेऊ का?

तोंडासाठी या टेस्टचा उपयोग नाही. प्रोजेस्टेरॉन दिवसभर वरखाली होतं. आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रश्न तोंडाच्या पेशी त्याला कसा प्रतिसाद देतात याचा आहे. तोंड आखूड असलेल्या कित्येक जणींचा रक्ताचा आकडा अगदी चांगला येतो. ते पैसे खालून सोनोग्राफीसाठी ठेवा.

९. कुणी गोळी देतं, कुणी इंजेक्शन, कुणी खालून ठेवायला सांगतं. प्रोजेस्टेरॉन कुठलं खरं?

तोंड २५ मिलिमीटर किंवा कमी आणि पोटात एकच बाळ असेल, तर पुरावा योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या बाजूनं आहे. २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत. २००७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तोंड १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असलेल्या बायका घेतल्या होत्या. त्यात प्रोजेस्टेरॉन ठेवणाऱ्या १९.२ टक्के जणींची प्रसूती ३४ आठवड्यांच्या आत झाली, नुसती साधी कॅप्सूल ठेवणाऱ्यांत ३४.४ टक्के. धोका संपला नाही, पण बराच उतरला.

दर आठवड्याला कमरेत घ्यायचं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन आपल्याकडे अजून लिहून दिलं जातं. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली, कारण मोठ्या अभ्यासात अवेळी प्रसूती टाळण्यात त्याचा फायदा दिसला नाही. काही अभ्यासांत त्यानं गरोदरपणातली शुगर वाढल्याचंही दिसलं. तुम्हाला ते चालू असेल तर पुढच्या भेटीत सरळ विचारा, “मॅडम, हे खालून ठेवायच्या औषधानं बदलता येईल का?” डायड्रोजेस्टेरॉनच्या तोंडी गोळ्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या रक्तस्रावासाठी दिल्या जातात. आखूड तोंडासाठी त्यांचा आधार घेऊ नका.

कॅप्सूल ठेवल्यावर सकाळी पांढरट चिकट स्राव येतो. तो औषधाचा असतो. घाबरून बंद केलेल्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत.

१०. माझा टीएसएच ६ आला होता. त्यामुळेच तोंड उघडलं का?

तसं म्हणता येत नाही. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो. थायरॉइड फारच कमी असून उपचार झाले नाहीत, तर गर्भपात आणि अवेळी प्रसूतीचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. पण तो थेट तोंड कमकुवत करतो, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. टीएसएच ६ असताना नऊ महिने पूर्ण झालेल्या बायका रोज दिसतात.

म्हणून थायरॉइड सोडून द्यायचं असं नाही. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डोस बहुधा पाव हिश्शानं वाढवावा लागतो आणि टीएसएच २.५ च्या खाली राखायचा असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. सासूबाई प्रेमानं सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून ठेवतात, सून त्या एका घोटात घेते, आणि थायरॉइडची गोळी अंगी लागतच नाही.

टीएसएच चांगला आहे पण थायरॉइडच्या अँटिबॉडी सापडल्या, असा रिपोर्ट असेल तर केवळ त्यासाठी गोळी घेऊन गर्भ टिकण्याचं प्रमाण वाढत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानं २०१९ मध्ये हे दाखवलं.

११. मला गरोदरपणात शुगर निघाली. तोंडावर परिणाम होतो का?

दोन प्रकारची शुगर वेगळी धरा. सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा निघालेली शुगर तोंड कमकुवत व्हायच्या काळानंतरची असते, म्हणून तिला दोष देणं काळाच्या हिशेबातच बसत नाही. गरोदर राहण्याआधीपासूनच मधुमेह असेल आणि तो आटोक्यात नसेल, तर अवेळी प्रसूतीचा धोका खरोखर वाढतो. त्यातला एक रस्ता जंतुसंसर्गाचा आहे. साखर जास्त असली की लघवीचा आणि योनीचा संसर्ग सहज होतो, संसर्गानं सूज येते, आणि सूज कोलॅजेन सैल करते. योनीला खाज, लघवीला आग या तक्रारी मधुमेही गरोदर बाईनं कधीच अंगावर काढू नयेत.

भारतात पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. आकडा १४० किंवा जास्त आला की शुगर आहे असं धरतात. पहिल्या वेळी ठीक आला तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. पीसीओडी असेल तर ही पहिली टेस्ट अजिबात चुकवू नका. आधीपासून मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ च्या खाली आणून मगच पुढच्या गरोदरपणाचा विचार करावा, असं माझं सांगणं असतं.

१२. माझं वजन जास्त आहे. वजनाच्या भारानं तोंड उघडतं का?

भारानं उघडतं ही समजूत चुकीची आहे. वजन जास्त असलेल्या बायकांचं तोंड सोनोग्राफीत आखूड निघतं असंही नाही. तरीही स्वीडनमध्ये पंधरा लाखांहून जास्त प्रसूतींच्या नोंदी तपासल्या तेव्हा २२ ते २७ आठवड्यांतल्या प्रसूतींचं प्रमाण वजनासोबत चढत गेलेलं दिसलं. नेहमीच्या वजनात ०.१७ टक्के, बीएमआय (उंचीच्या हिशेबानं वजन) ४० किंवा त्यापुढे असताना ०.५२ टक्के. चरबीमुळे शरीरात सतत राहणारी सौम्य सूज, इन्सुलिनचा प्रतिरोध आणि संसर्ग अशी कारणं त्यामागे मांडली जातात. गरोदर असताना वजन उतरवायला जाऊ नका. ते काम आधीचं.

एक बाजू आपल्याकडे कुणी विचारत नाही. फार कमी वजन हाही धोका आहे. ४० किलोच्या, रक्त कमी असलेल्या, दाताला मशेरी लावणाऱ्या बाईला अवेळी प्रसूतीचा धोका खूप मोठा असतो. मशेरी म्हणजे तंबाखूच.

१३. व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन सी घेतलं तर तोंड घट्ट होतं का?

नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी, तब्येतीसाठी डी जरूर घ्या. कोलॅजेन बनायला सी लागतं हे खरं, पण जास्तीचं सी देऊन अवेळी प्रसूती टळल्या नाहीत.

१४. शिरोडकर टाका म्हणजे काय आणि तो कुणाला घालतात?

हा आपल्याच माणसाचा शोध. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. १९५५ मध्ये त्यांनी तोंडाभोवती आतल्या बाजूनं पट्टी घालून ते आवळण्याची शस्त्रक्रिया मांडली. सुरुवातीला ही पट्टी बाईच्याच मांडीतल्या आवरणाची असायची. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी याचा सोपा प्रकार आणला. बटव्याची नाडी ओढावी तसा हा टाका. आज आपल्याकडे तोच जास्त घातला जातो, आणि लोक त्यालाही शिरोडकर टाकाच म्हणतात.

टाका हार्मोनच्या रिपोर्टवर ठरत नाही. न दुखता गर्भ गेल्याची हकीकत पुन्हा पुन्हा असेल तर १२ ते १४ आठवड्यांत घालतात. आधी असं झालेलं असून आता लांबी २५ मिलिमीटरच्या आत आली तर घालतात. किंवा तपासताना तोंड उघडलेलं आणि पाण्याची पिशवी दिसत असेल तर तातडीनं घालतात. आधी काहीच झालेलं नसून फक्त सोनोग्राफीत तोंड आखूड दिसलं, तर आधी प्रोजेस्टेरॉन (प्रश्न ९). टाका साधारण ३६ ते ३७ आठवड्यांत काढतात.

पूर्ण आडवं झोपून राहायचा सल्ला देऊ नये असं आता सर्वत्र मानलं जातं. त्यानं गर्भ टिकल्याचं दिसलेलं नाही. पायात रक्ताच्या गाठी मात्र होतात, आणि मधुमेह असेल तर झोपून शुगर आणखी चढते.

१५. जुळी आहेत आणि पीसीओडीही आहे. आधीच टाका घालून घेऊ का?

जुळी आहेत एवढ्याच कारणासाठी टाका घालू नये. त्यानं फायदा होत नाही. जुळ्यांत नुसतं तोंड आखूड असताना टाका आणि प्रोजेस्टेरॉन यांच्याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. तोंड प्रत्यक्ष उघडलेलं असेल तर मात्र टाक्याचा फायदा दिसला आहे. लांबी मोजत राहा (प्रश्न २).

१६. वीस आठवड्यांत गर्भ गेला. पण मला ताप होता, कळाही येत होत्या. तरी फाईलवर “कमकुवत तोंड” लिहिलंय. पुढच्या वेळी टाका घालायचा का?

फाईलवरचा शिक्का जरा बाजूला ठेवा आणि त्या दिवसाचा क्रम आठवा. आधी ताप, वास येणारा स्राव, मग कळा, मग पाणी गेलं, असं असेल तर मुळात जंतुसंसर्ग असू शकतो. संसर्गानंही तोंड उघडतं. वार सुटून रक्तस्राव झाला तरी उघडतं. अशा वेळी आत संसर्ग असताना टाका घातला तर आईच्या जिवावर बेतू शकतं. पुढच्या वेळी आधी त्या कारणाचा उपाय करायचा आणि १४ ते १६ आठवड्यांपासून २४ पर्यंत दर दोन आठवड्यांनी लांबी मोजायची. वारेचा तपासणी अहवाल, बाळाचा अहवाल, त्या दिवसाचे रक्ताचे रिपोर्ट जपून ठेवा. दुःखात ते फाडून टाकलेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत. त्यांचा राग मला समजतो, पण ते कागद पुढच्या बाळाच्या कामाचे असतात.

१७. टाका आहे, शुगरही आहे. आता बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचं म्हणतात. शुगर वाढेल ना?

वाढेल. ही स्टेरॉइडची इंजेक्शनं असतात. अर्ध्या दिवसातच साखर चढायला लागते आणि चार-पाच दिवस चढी राहते. प्रसूती लवकर होण्याची खरी शक्यता असेल तर या भीतीनं इंजेक्शन नाकारू नका, बाळाला त्याचा मोठा आधार मिळतो. ते दिवस दवाखान्यात राहून साखर वारंवार तपासायची आणि इन्सुलिन वाढवून घ्यायचं. “टाका आहे म्हणून जपून” सगळ्यांनाच ही इंजेक्शनं देऊन ठेवण्याची पद्धत मात्र मला पटत नाही.

१८. मी जिना चढले, पपई खाल्ली, गावाला एसटीनं गेले. सासरी म्हणतात, त्यानंच झालं.

त्यानं झालं नाही. प्रश्न १ मधली कारणांची यादी सासरच्यांना वाचून दाखवा. त्यात जिना नाही, पिकलेली पपई नाही, एसटीही नाही. चुकलेली एक गोळीही नाही.

१९. मागच्या वेळी टाका घातला होता, प्रोजेस्टेरॉन होतं, शुगर-थायरॉइड सगळं ताब्यात होतं. तरी २२ आठवड्यांत गेलं. आता काही उरलंय का?

उरलंय. खालून घातलेला टाका असतानाही गर्भ गेला असेल तर पुढच्या वेळी पोटातून टाका घालता येतो. तो तोंडाच्या अगदी वरच्या टोकाला, गर्भाशयाला लागून बसतो. गरोदर राहण्याआधी दुर्बिणीतून किंवा तिसऱ्या महिन्यात पोट उघडून तो घालतात. २०२० मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात बरोबर अशाच बायका होत्या. पोटातून टाका घातलेल्यांत ३२ आठवड्यांच्या आतली प्रसूती ८ टक्के, पुन्हा खालूनच घातलेल्यांत ३३ टक्के. हा टाका ठेवूनच सिझेरियन करतात आणि पुढच्या बाळासाठी तोच कामी येतो. सगळीकडे ही शस्त्रक्रिया होत नाही, म्हणून दिवस राहण्याआधीच, जुनी सगळी फाईल घेऊन, ती नेहमी करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. सोबत नवऱ्याला न्या. तिथे विचारायचे प्रश्न घरीच कागदावर लिहून घ्या, तिथे गेल्यावर रडू येतं आणि मग विसरायला होतं.